चौकशी करा, पण वेल्डरच्या हातातला होल्डर काढून घेऊ नका

प्रति,
संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे सर्व सन्माननीय सदस्य,
नवी दिल्ली

विषय: माझगाव गोदीतली पाणबुडीबांधणी आणि परदेशी कंपन्यांबरोबरचे करार

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार.

मी मुंबईतल्या एका सरकारी आयटीआयमध्ये ३२ वर्षे वेल्डर ट्रेडचा शिल्प निदेशक होतो. सरकारी कागदावर आमच्या ट्रेडला 'संधाता' म्हणतात. सांधणारा तो संधाता. माझ्या हाताखालून गेलेली मुले आज मुंबई, गोवा आणि कोचीच्या गोद्यांत आहेत, काही आखातात आहेत. राजकारण हा माझा विषय नाही आणि संरक्षणतज्ज्ञ म्हणवून घेण्याइतका माझा अभ्यासही नाही. पण पाणबुडीच्या करारावरून देशात वाद पेटला की त्यात एक प्रश्न कोणीच विचारत नाही. तो वेल्डिंगचा प्रश्न आहे, म्हणून तो मी विचारतो आहे.

सध्याचा वाद आपल्याला माहीत आहेच. 'प्रोजेक्ट ७५ आय'खाली सहा नव्या पाणबुड्या बांधायच्या आहेत. जुलै २०२१ मध्ये निविदा निघाली तेव्हा तिचा अंदाज ४० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. परदेशी कंपन्या एकेक करून बाजूला झाल्या. २०२३ मध्ये दोनच जोड्या उरल्या होत्या: माझगाव डॉक आणि जर्मनीची थिसेनक्रुप मरीन सिस्टिम्स, तसेच लार्सन अँड टुब्रो आणि स्पेनची नवान्तिया. जानेवारी २०२५ मध्ये दुसरी जोडी तांत्रिक अटीवर बाद झाली. एकच बोली उरली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्याशी किमतीच्या वाटाघाटी सुरू झाल्या. एक बाजू विचारते, परदेशी कंपनीला एवढी रक्कम कशासाठी? दुसरी म्हणते, बांधणी मुंबईत होणार आहे, म्हणजे हे स्वदेशीच आहे. तिसरी विचारते, एकटीच बोली उरली तर किंमत रास्त आहे हे कशावरून?

हे तिन्ही प्रश्न योग्य आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. माझा प्रश्न चौथा आहे. तो समजावा म्हणून आधी पाणबुडी कशी सांधतात ते थोडे सांगतो.

पाणबुडीचे जे मुख्य कवच असते, त्याला गोदीत प्रेशर हल म्हणतात. खास पोलादाच्या जाड प्लेटा रोलिंग करून त्यांची कडी करतात. कड्याला आतून फ्रेम सांधतात. कडी जोडून भाग होतो आणि भाग जोडून पाणबुडी. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३०० मीटर खोलीवर कवचाच्या एका चौरस मीटरवर सुमारे ३०० टन भार येतो, तोही चहूबाजूंनी. कड्याचा गोल थोडा जरी चुकला असेल, सांध्यात सुईच्या टोकाएवढी पोकळी राहिली असेल, तरी पाणी तीच जागा शोधते. म्हणून प्लेट आधी ठरावीक तापमानापर्यंत तापवावी लागते. वेल्डिंगचे रॉड (जे होल्डर नावाच्या पकडीत धरून सांधतात) ओव्हनमध्ये कोरडे ठेवावे लागतात, कारण रॉडला दमटपणा लागला तर त्यातला हायड्रोजन सांध्यात शिरतो आणि तडा त्या क्षणी दिसत नाही. तो काही तासांनी पडतो, कधी एकदोन दिवसांनी. मुंबईच्या पावसाळ्यात हे सांभाळणे म्हणजे काय, ते जून-जुलैत होल्डर धरणाऱ्यालाच विचारावे. मग एक्स-रे, अल्ट्रासॉनिक. त्यात दोष दिसला की सांधा खरवडून पुन्हा भरायचा. असे दुसऱ्यांदा भरणे पोलादाला मानवत नाही, म्हणून पहिल्याच वेळी हात बरोबर बसावा लागतो.

असा हात पुस्तक वाचून तयार होत नाही, आणि एकदा तयार झाला म्हणून तो कायमचा राहतही नाही. माझ्या तुकडीतला एक मुलगा पाइपच्या अवघड परीक्षेत, जिला आम्ही सिक्स-जी म्हणतो, पहिल्या फेरीत उतरला होता. वर्गातला सगळ्यात स्थिर हात त्याचा. घरच्या अडचणीमुळे तीन वर्षे तो ग्रिल आणि गेट करत राहिला. मग चांगली नोकरी दिसली तेव्हा सरावासाठी माझ्याकडे आला. पहिल्या दिवशी त्याला रूट रन, म्हणजे सांध्याचा तळातला पहिला थर, लागेना. आत थेंब लोंबत होते, कडा सुटत होत्या. मुलगा तोच होता, मशीनही तेच होते. पुन्हा हात बसायला दीड महिना गेला. माझ्या ट्रेडमधल्या प्रत्येकाला हे माहीत असते, आणि म्हणूनच ते नियमातही लिहिलेले आहे. वेल्डरने एखाद्या पद्धतीचे काम सहा महिने केले नाही की त्या पद्धतीतली त्याची पात्रता संपते. त्याला पुन्हा चाचणी द्यावी लागते.

सहा महिने. हा आकडा लक्षात ठेवून पुढचे वाचावे अशी माझी विनंती आहे.

११ डिसेंबर १९८१ रोजी, इंदिरा गांधी पंतप्रधान असताना, भारत सरकारने पश्चिम जर्मनीतल्या कील शहरातल्या एचडीडब्ल्यू या कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. दोन कीलमध्ये बांधायच्या, दोन माझगावला, आणि पुढे आणखी दोनचा पर्याय राखून ठेवला होता. आपले अभियंते आणि कामगार कीलला जाऊन शिकून आले. 'शिशुमार' आणि 'शंकुश' १९८६ मध्ये नौदलात आल्या. माझगावला त्यानंतरच्या दोन पाणबुड्यांचे काम चालू असताना, एप्रिल १९८७ मध्ये, या करारात सात टक्के दलाली दिली गेल्याचा आरोप पुढे आला. संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी चौकशीचा आदेश दिला आणि काही दिवसांतच त्यांना मंत्रिमंडळातून बाहेर पडावे लागले. लगेच बोफोर्सचे प्रकरण उघडले. पुढे काय झाले ते देशाला पाठ आहे. सरकार गेले, निवडणुका त्यावर लढल्या गेल्या, १९९० मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला.

दलाली झाली असेल तर ती देशाची चोरी आहे. ज्याने खाल्ली त्याला तुरुंगात पाठवायला हवे होते, आणि कंपनीकडून ती रक्कम दंडासह वसूल व्हायला हवी होती. यातले काहीच झाले नाही. वर्षानुवर्षे तपास चालला आणि कोणत्याही न्यायालयात कोणीही दोषी ठरले नाही. शिक्षा झाली ती वेगळ्याच लोकांना.

माझगावला बांधलेली पहिली पाणबुडी 'शल्की' ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झाली. भारतात बांधलेली ती पहिली पाणबुडी. दुसरी, 'शंकुल', २८ मे १९९४ रोजी. तिथे मालिका थांबली. राखून ठेवलेला दोन पाणबुड्यांचा पर्याय वापरलाच गेला नाही. न्यायाने सांगायचे तर त्यामागे एकटा घोटाळा नव्हता. किंमत वाढली होती, परकीय चलनाची ओढाताण होती, रशियाकडून तयार पाणबुड्या मिळत होत्या. पण एचडीडब्ल्यू हे नाव घेण्याचीही दिल्लीत कोणाची हिंमत राहिली नव्हती, हेही तितकेच खरे. ज्या फाइलवर सही केली की उद्या संसदेत नाव येईल, त्या फाइलवर सही कोण करणार?

त्यानंतर माझगावला पुढच्या पाणबुडीसाठी पहिली प्लेट कापली गेली २००६ च्या डिसेंबरात. मधे १२ वर्षे गेली. ज्या कामाची पात्रता सहा महिन्यांत संपते त्या कामात १२ वर्षांचा खंड. कीलला शिकून आलेले बरेच लोक तोवर निवृत्त झाले होते, कुणी दुसऱ्या विभागात गेले, कुणी आखातातल्या तेलाच्या कामावर. देशाने त्यांच्या शिक्षणावर खर्च केलेला पैसा दलालीच्या कोणत्याही आकड्यात मोजला गेला नाही. तो कोणी खाल्ला नाही. तो तसाच वाया गेला.

मग नवा करार, नवा देश. ६ ऑक्टोबर २००५ रोजी फ्रान्सकडून स्कॉर्पिन जातीच्या सहा पाणबुड्या घेण्याचे ठरले. सुमारे १८,७९८ कोटी रुपये, जे पुढे २३,५६२ कोटींवर गेले. आता सगळे पुन्हा शिकायचे: नवे पोलाद, नवी रेखाचित्रे, नवी पद्धत, फ्रेंच शिक्षक. पहिली पाणबुडी २०१२ मध्ये मिळायची होती, 'कलवरी' नौदलात आली १४ डिसेंबर २०१७ रोजी. 'शंकुल'नंतर माझगावची पुढची पाणबुडी समुद्रावर जायला २३ वर्षे लागली. उशिराला सामग्रीची खरेदीही कारण होती, हे मला माहीत आहे. पण हात तुटलेला नसता तर हा काळ बराच कमी झाला असता, असे माझे ठाम मत आहे.

आता तुलनेसाठी दक्षिण कोरियाकडे बघा. १९८७ मध्ये, म्हणजे आपल्यानंतर सहा वर्षांनी, कोरियाने त्याच एचडीडब्ल्यूकडून त्याच घराण्यातल्या पाणबुड्या घेतल्या. पहिली कीलमध्ये बांधली आणि पुढच्या आठ आपल्या ओक्पोच्या गोदीत. ती मालिका संपायच्या आत पुढच्या पिढीची ठरवली. २०११ मध्ये कोरियाने इंडोनेशियाला पाणबुड्या विकण्याचा करार केला. २०२१ मध्ये स्वतःच्या आराखड्याची तीन हजार टनी पाणबुडी नौदलात घेतली. गुरू एकच होता आणि वर्गात आपण आधी बसलो होतो. फरक इतकाच की कोरियाचा वेल्डर एका पाणबुडीवरून उतरला की दुसरीवर चढत होता.

इतके लांब जायचेही कारण नाही. माझगावच्याच भिंतीआड बघा. तिथे युद्धनौकांची बांधणी कधी थांबली नाही. १९७२ ची पहिली 'नीलगिरी' ब्रिटिश आराखड्यावर बांधली होती. पुढे नौदलाच्या स्वतःच्या आराखड्यांवर गोदावरी वर्ग आला, १९९७ मध्ये 'दिल्ली' आली, नंतर 'कोलकाता', 'विशाखापट्टणम'. १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत नवी 'नीलगिरी' आणि 'सूरत' एकाच दिवशी नौदलात आल्या. दोघींचा आराखडा आपला, बांधणी आपली. त्याच दिवशी त्याच धक्क्यावर सहावी स्कॉर्पिन 'वाघशीर'ही दाखल झाली, तिचा आराखडा फ्रान्सचा. गोदी तीच, शहर तेच, आयटीआयमधून येणारी मुलेही तीच. एका शेडमध्ये काम सलग राहिले म्हणून आराखड्यापर्यंत हात पोचला. दुसऱ्या शेडमध्ये ते दर वेळी तोडले, म्हणून आपण दर वेळी नव्या गुरूच्या दारात उभे.

म्हणून परदेशी कंपनीचे नाव ऐकताच "देश विकला" म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. ज्याच्याकडे विद्या आहे त्याच्याकडून ती घ्यावी, त्यात कमीपणा नाही. आरमाराच्या सुरुवातीच्या काळात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत पोर्तुगीज कारागीर कामाला लावले होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फितवून परत नेले, ते गेले. आरमार थांबले नाही. आपल्या माणसांच्या हातात काम चालूच राहिले आणि वीस वर्षांत मुंबईजवळच्या खांदेरी बेटापाशी इंग्रजांना त्याचा अनुभव आला. माझगावच्या दुसऱ्या स्कॉर्पिनचे नाव 'खांदेरी' ठेवले याचा मला फार आनंद झाला होता.

आणि ज्यांना हा परदेशी कंत्राटांचा वाद आजचा वाटतो त्यांच्यासाठी एक आठवण. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या जहाजबांधकांनी असाच आरडाओरडा केला होता. त्यांची तक्रार हिंदुस्थानात, म्हणजे मुंबईसारख्या बंदरांत, सागवानाने बांधलेल्या जहाजांबद्दल होती. आमच्या पोटावर पाय येतो, म्हणत होते. तेव्हा परदेशी कंत्राटदार आपण होतो, कारण हात आपला सरस होता. १८१७ मध्ये मुंबईच्या वाडियांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे.

त्याच वेळी, "बांधणी मुंबईत, म्हणजे स्वदेशी" म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. परक्या रेखाचित्राबरहुकूम आणलेले भाग जोडणे हे कामगाराला काम देते, पण विद्या देत नाही. नव्या निविदेत पहिल्या पाणबुडीत ४५ टक्के आणि शेवटच्या पाणबुडीत ६० टक्के स्वदेशी वाटा असावा अशी अट आहे. अट चांगली आहे. पण हे टक्के पैशांत मोजले जातात. खुर्च्या, केबल, पाइप यांनीही टक्के भरतात. कवचाचा आराखडा कसा काढला, फ्रेममधले अंतर तेवढेच का ठेवले, हे आपल्या अभियंत्याला कळले की नाही, हे कोणत्या टक्क्यात मोजणार? माझ्या मुलांना मी सांगत असे की नकाशा वाचता येणे वेगळे आणि काढता येणे वेगळे. करारात दुसऱ्या गोष्टीचे पैसे दिले आहेत का, एवढेच आपण विचारा.

ज्या तांत्रिक अटीवर दुसरी जोडी बाद झाली तिच्याबद्दलही बोलतो. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीला बॅटरी चार्ज करायला वरचेवर पृष्ठभागाजवळ यावे लागते आणि तेव्हा ती सापडू शकते. हवेशिवाय वीज तयार करणारी यंत्रणा असली की ती आठवडा-दोन आठवडे खालीच राहू शकते. निविदेची अट अशी की ही यंत्रणा समुद्रात चालवून सिद्ध झालेली हवी. स्पेनची यंत्रणा तोवर जमिनीवरच दाखवलेली होती. नौदलाने सिद्ध झालेली वस्तू मागणे चूक नाही, खाली माणसे असतात. पण अशीच यंत्रणा मुंबईपासून लोकलच्या अंतरावर, अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेत आपल्या शास्त्रज्ञांनी तयार केली आहे. मार्च २०२१ मध्ये तिची जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली. डिसेंबर २०२४ मध्ये ती स्कॉर्पिनमध्ये बसवण्यासाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटींचा करारही झाला. मग येत्या सहा पाणबुड्यांतल्या निदान शेवटच्या दोघींत अंबरनाथची यंत्रणा बसवण्याची वाट आत्ताच, कराराच्या मसुद्यातच उघडी ठेवता येईल का? सही झाल्यावर ही गोष्ट काढली तर समोरचा त्याची वेगळी किंमत लावेल. आणि समोर एकच बोली असताना ती किंमत कमी नसेल.

खंड किती महाग पडतो याचा आणखी एक पुरावा गोव्यात आहे, आणि तो मला पाणबुड्यांपेक्षाही जास्त बोचतो. समुद्रात पेरलेले सुरुंग शोधून काढणारी जहाजे फार खास असतात. सुरुंगाला लोखंडाची चाहूल लागते म्हणून त्यांचे अंग पोलादाचे नसते. अशी जहाजे घेण्यासाठी २००८ मध्ये निविदा निघाली. दक्षिण कोरियाची कांगनाम कंपनी सर्वांत कमी बोलीची ठरली. मग दलालांच्या सहभागाचा आरोप झाला आणि २०१४ मध्ये ती प्रक्रिया रद्द झाली. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना हे काम वास्कोच्या गोवा शिपयार्डला द्यायचे ठरले: १२ जहाजे, सुमारे ३२ हजार कोटी, तंत्रज्ञान पुन्हा कांगनामचेच. वाटाघाटी लांबल्या आणि जानेवारी २०१८ मध्ये तेही रद्द झाले. एप्रिल २०१९ मध्ये नौदलाने आपले शेवटचे सुरुंगशोधक जहाज 'कोझिकोड' निवृत्त केले. मुंबई आणि न्हावा शेवाची बंदरे असलेल्या देशाकडे त्या दिवसापासून असे एकही जहाज नाही. जुलै २०२५ मध्ये संरक्षण अधिग्रहण परिषदेने सुरुंगशोधक जहाजांना पुन्हा तत्त्वतः मान्यता दिली. म्हणजे १७ वर्षांनी आपण परत पहिल्या पायरीवर. या १७ वर्षांत कोणत्या दलालाला कोणती शिक्षा झाली, ते मला कुठे वाचायला मिळालेले नाही.

टॉर्पेडोचेही तसेच झाले. स्कॉर्पिनसाठी इटलीचे टॉर्पेडो ठरले होते. हेलिकॉप्टर खरेदीच्या घोटाळ्यात त्याच उद्योगसमूहाचे नाव आले आणि तो सौदा सोडून द्यावा लागला. नव्याकोऱ्या 'कलवरी'ला जुन्या जर्मन टॉर्पेडोंवर वेळ निभवावी लागली. नव्या फ्रेंच टॉर्पेडोंच्या जोडणीचा करार झाला डिसेंबर २०२४ मध्ये, 'कलवरी' दाखल झाल्याला सात वर्षे होऊन गेल्यावर. भ्रष्ट कंपनीकडून माल घेऊ नये हे मला पटते. पण पहिला रस्ता बंद करताना दुसरा कधी उघडणार याची तारीख कोणीच लिहून ठेवत नाही. ती कोणाची जबाबदारी आहे?

आता माझा चौथा प्रश्न. सहाव्या स्कॉर्पिनचे जलावतरण २० एप्रिल २०२२ रोजी झाले. कवचाचे सांधकाम त्याच्याही बरेच आधी संपलेले असते. माझ्या माहितीप्रमाणे तेव्हापासून माझगावला नौदलाच्या नव्या पाणबुडीचे एकही कडे सांधलेले नाही. आणखी तीन स्कॉर्पिनना जुलै २०२३ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली होती. ती मान्यता म्हणजे प्लेट नव्हे. दोनदा परदेशी गुरूकडून शिकून तयार झालेले हे हात या मधल्या काळात काय करत आहेत? त्यांची पात्रता कशी चालू ठेवली आहे? त्यांतले किती जण अजून गोदीत आहेत?

'शंकुश'च्या मोठ्या दुरुस्तीचा २,७२५ कोटींचा करार जून २०२३ मध्ये माझगाव डॉकशी झाला आहे, हे चांगले झाले. कीलमध्ये १९८६ साली तयार झालेली पाणबुडी मुंबईत उघडून पुन्हा बांधली जाते, त्यात काही जणांचा हात चालू राहत असेल. पण तेवढ्यावर सगळी फळी जगत नाही.

आणि गोद्यांच्या भरतीच्या जाहिराती आपण कधी वाचता का? मी वाचतो, कारण माझे विद्यार्थी मला फोन करून विचारतात. वेल्डर, फिटर, स्ट्रक्चरल फॅब्रिकेटर, सगळी पदे ठरावीक मुदतीच्या करारावर. मुदत संपली की मुलगा बाहेर. चांगला हात असलेल्या मुलाला आखातातून दुप्पट-तिप्पट पगार मिळतो आणि तो जातो. मी त्याला जाऊ नको म्हणू शकत नाही, त्याला घर चालवायचे असते. एखाद्या विद्येसाठी सरकार हजारो कोटी मोजणार असेल, तर ती ज्याच्या हातात उतरणार आहे त्याची नेमणूक तीन वर्षांची ठेवून कसे चालेल?

थिसेनक्रुपने २००५ साली एचडीडब्ल्यू आपल्यात सामावून घेतली. म्हणजे १९८१ मध्ये ज्या कीलच्या गोदीशी आपण करार केला, ४० हून अधिक वर्षांनी पुन्हा तिच्याच दारात आपण उभे आहोत. यात मला लाज वाटत नाही, पण वाईट फार वाटते. 'शंकुल'नंतर पाचवी आणि सहावी पाणबुडी बांधली असती, त्यातून सातवी आपण स्वतः आखली असती, तर आज कीलची माणसे आपल्याकडे भागीदारी मागायला आली असती.

तेव्हा विरोधी पक्षातल्या सदस्यांना माझी विनंती आहे. किंमत विचारा, एकच बोली का उरली ते विचारा, दलाल शोधा, आणि सापडला तर सोडू नका. सत्ताधारी पक्षातल्या सदस्यांना विनंती की हे प्रश्न देशद्रोहाचे समजू नका. लपवलेली किंमत उद्या घोटाळा बनून बाहेर येते आणि मग काम बंद पडते. दोन्ही बाजूंना मिळून एक विनंती: गैरव्यवहार आढळला तर कंपनीची बँक हमी जप्त व्हावी, हप्ते रोखून ते वेगळ्या खात्यात जावेत, दोषी अधिकाऱ्यावर खटला भरावा, पण गोदीतले काम एक दिवसही थांबू नये, अशी तरतूद करारातच लिहून घ्या. त्यासाठी लागणारी रेखाचित्रे आणि सामग्री आधीच आपल्या ताब्यात असायला हवीत. हे कायदेशीर भाषेत कसे लिहायचे ते तज्ज्ञ सांगतील. १९८७ मध्ये असे कलम असते तर मी हे पत्र लिहिले नसते.

आणखी एक. सहावी पाणबुडी सुरू होण्याच्या आधी सातवीची मागणी नोंदवली गेली पाहिजे, मग ती जर्मन आराखड्याची असो की आपल्या. १९९९ मध्ये सरकारने ३० वर्षांत २४ पाणबुड्या बांधण्याची योजना मंजूर केली होती. ती ३० वर्षे २०२९ मध्ये पूर्ण होतील. आजवर त्यातल्या सहा झाल्या आहेत.

आपली समिती दौऱ्यावर मुंबईला येते तेव्हा गोदीत सादरीकरण होते, स्लाइड दाखवतात, सभागृहात चहा होतो. पुढच्या वेळी तिथून उठून पाणबुडीच्या शेडमध्ये जा आणि वेल्डरांच्या पात्रतेची नोंदवही मागवा. प्रत्येक गोदीत ती असते. तिच्यात वेल्डरचे नाव, पद्धत, चाचणीची तारीख आणि मुदत लिहिलेली असते. कवचाच्या सांधकामाच्या पानावर आज किती नावे चालू आहेत ती मोजा, आणि तो आकडा आपल्या पुढच्या अहवालात छापा.

आपला विनम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक (संधाता)
मुंबई